सगळ्यांत तरुण, वय साठ

आपल्याकडे साठी आली की घरचे शांत घालतात, ऑफिस नारळ देतं आणि शेजारी 'बुद्धी नाठी' म्हणायला मोकळे होतात. तिकडे अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेनं २०२१ साली नालो हॉपकिन्सन या बाईंना आपला सर्वोच्च किताब दिला आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, की आजवरच्या मानकऱ्यांत या सगळ्यांत तरुण.

वय? साठ.

किताबाचं नाव डेमन नाइट ग्रँड मास्टर. १९७५ साली सुरू झाला, पहिला मान रॉबर्ट हाइनलाइन यांचा. हॉपकिन्सनबाई ३७ व्या. आणि आफ्रिकी वंशाच्या पहिल्याच स्त्री. म्हणजे ४६ वर्षं लागली. या मंडळींच्या कथांमध्ये एवढ्या अवधीत माणूस दुसऱ्या आकाशगंगेत जाऊन, तिथे संसार थाटून, परत येतो.

मग ऑक्टेव्हिया बटलर यांचं काय, असं चाणाक्ष वाचक विचारेल. विचारायलाच हवं. त्यांचं नाव घेतल्याशिवाय या प्रकाराचा इतिहास पुढे सरकत नाही. पण हा किताब हयात लेखकांनाच मिळतो, आणि बटलर २००६ मध्ये ५८ व्या वर्षी गेल्या. सगळ्यांत तरुण मानकरी साठीची असते, तिथे ५८ म्हणजे अगदीच पोरवय.

वेळेआधी मेल्या, चूक त्यांचीच.

बरं, या हॉपकिन्सनबाई कोण? जन्म १९६०, किंग्स्टन, जमैका. किंग्स्टन म्हटलं की आपल्याला आठवते ती १९७६ ची कसोटी, आपले फलंदाज एकामागून एक जायबंदी झाले ती. वडील गयानाचे. गयाना म्हटलं की क्लाइव्ह लॉइड. बालपणाचा काही काळ त्रिनिदादमध्ये. त्रिनिदाद म्हटलं की १९७१, पोर्ट ऑफ स्पेन आणि पदार्पणातला गावस्कर. तिन्ही देश आपल्याला तोंडपाठ. पण सीमारेषेपर्यंतच. दोरीपलीकडे माणसं राहतात, त्यांच्यात कवी असतात, नटही असतात, हे आपल्याला कुठल्याच समालोचकानं सांगितलं नाही.

वेस्ट इंडीज नावाचा देशच नाही, हे तरी आपल्याला कुठे पटलंय?

वडील स्लेड हॉपकिन्सन कवी, नाटककार, नट. डेरेक वॉलकॉट यांच्या त्रिनिदादमधल्या नाट्यसंस्थेत त्यांनी कामं केली. या वॉलकॉटना पुढे १९९२ चं नोबेल मिळालं. आई ग्रंथालयात. आपल्याकडे अशा घरातल्या मुलीला दहाव्या वर्षी कविसंमेलनात सतरंजीवर बसवली असती आणि विसाव्या वर्षी पहिला संग्रह काढून दिला असता. या बाईंचं पहिलं पुस्तक आलं ३७ व्या वर्षी. तोवर १९७७ साली कुटुंबाबरोबर टोरांटोला जाणं, तिथल्या ग्रंथालयांत नोकरी, मग शहराच्या कला परिषदेत अनुदानाचे अर्ज हाताळणं. लेखकांना पैसे वाटणाऱ्या टेबलाच्या पलीकडची बाजू त्यांनी आधी पाहिली.

अलीकडची बाजू पुढे दिसणारच होती.

त्या जे लिहितात त्याला इंग्रजीत म्हणतात स्पेक्युलेटिव्ह फिक्शन. मराठी पेपरात स्पेक्युलेशन म्हणजे सट्टा. आता सट्टासाहित्य म्हणायचं का? आपल्याकडे कपाटं दोन. एकात नारळीकर, दुसऱ्यात धारप. रॉकेट या कपाटात, हडळ त्या. धारपांनी दोन्हींकडे हात घातला, पण लक्षात राहिली ती भुतंच. हॉपकिन्सनबाईंच्या पुस्तकात रॉकेटात हडळ बसते आणि खिडकीची जागा मागते. ठेवा आता कुठल्या कपाटात ठेवायचं ते.

ग्रंथालयात उमेदवारी केलेल्या बाईंनी ग्रंथपालांचीच पंचाईत केली.

पहिली कादंबरी 'ब्राऊन गर्ल इन द रिंग', १९९८. नाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच. बोनी एमनं १९७८ मध्ये या नावाचं गाणं जगभर वाजवलं, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांनीही ते सोडलं नाही. मुळात ते कॅरिबियन पोरींच्या फेर धरायच्या खेळातलं गाणं. आपण त्यावर नाचलो. ही ब्राऊन मुलगी कोण आणि तिच्याभोवतीचं रिंगण कसलं, हे विचारायला कोणाला सवड होती?

बाईंना होती. त्यांच्या रिंगणात आहे उद्याचं टोरांटो. पैसेवाले उपनगरांत पळालेत, मधलं शहर गुंडाच्या हाती आहे, आणि उरलेल्या गरिबांना औषधपाणी देते ती एक कॅरिबियन आजी, जडीबुटी आणि पूर्वजांचे देव यांच्या भरवशावर. इकडे प्रांताच्या मुख्यमंत्रीबाईंचं हृदय निकामी झालंय. डुकराचं हृदय बसवायची सोय आहे. पण निवडणूक जवळ आलीय, आणि बाईंना माणसाचंच हवं. मतदारांना बरं दिसतं. मग इस्पितळ गुंडाला निरोप धाडतं.

विज्ञानकथा कसली, नगरपालिकेचं वार्तापत्रच की!

शेवट फोडतो, रागावू नका. पुस्तकाला पाव शतक उलटून गेलंय. हृदय मिळतं ते त्या आजीचं. ते मुख्यमंत्रीबाईंच्या छातीत बसतं आणि शुद्धीवर आल्या-आल्या बाईंना गरिबांचा कळवळा येतो. आपले पुढारी पक्ष बदलताना ज्याला हृदयपरिवर्तन म्हणतात, ते इथे शस्त्रक्रियेनं होतं.

जाता जाता: डुकराचं हृदय माणसाला बसवल्याची बातमी अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून आली ती जानेवारी २०२२ मध्ये. डॉक्टरांनी कादंबरीकाराला गाठायला चोवीस वर्षं घेतली. गुंडाला निरोप धाडण्याचा भाग मात्र जगात बऱ्याच आधीपासून सुरू होता.

या पुस्तकाला 'लोकस' या विज्ञानकथेच्या मासिकाचं पहिल्या कादंबरीचं बक्षीस मिळालं, आणि १९९९ मध्ये बाईंना सर्वोत्तम नवोदित लेखकाचा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल पुरस्कार. इथून गंमत सुरू होते. पुरस्कारांच्या याद्या सगळेच वाचतात. पुरस्कारांवर कोणाची नावं आहेत ते वाचा.

कॅम्पबेल म्हणजे अमेरिकी विज्ञानकथेचे थोर संपादक. साठच्या दशकात सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची 'नोव्हा' ही कादंबरी त्यांच्या मासिकात क्रमशः छापायला गेली, ती साभार परत आली. डिलेनींनीच पुढे लिहून ठेवलंय, की कारण असं कळवलं गेलं: नायक काळा आहे, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही. सहा डोकी आणि शेपटी असलेला परग्रहवासी त्याच वाचकांना आपला वाटत होता. हरकत रंगाची होती, शेपटीची नव्हे.

आणि अशा माणसाच्या नावाचं बक्षीस जमैकात जन्मलेल्या बाईला. कॅम्पबेल तोवर जाऊन २८ वर्षं झाली होती, म्हणून निभावलं.

२० वर्षांनी, २०१९ मध्ये, हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या जीनेट इंग या लेखिकेनं हाच पुरस्कार घेताना डब्लिनच्या व्यासपीठावरून कॅम्पबेलना सरळ फॅसिस्ट म्हटलं. काही दिवसांत पुरस्काराचं नाव बदललं. आता तो 'अस्टाउंडिंग' पुरस्कार. आणि २०२० मध्ये त्या भाषणालाच ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपल्याकडे संमेलनात असं कोणी बोललं असतं तर माइक बंद पडला असता.

तांत्रिक बिघाडामुळे, अर्थात.

पुढचं बक्षीस बघा. 'स्किन फोक' या कथासंग्रहाला २००२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार. त्या पुरस्काराचं मानचिन्ह काय होतं? एच. पी. लव्हक्राफ्ट यांचं डोकं. गळ्यापासून वरचं, चांगलं लांबोडकं. लव्हक्राफ्ट भयकथेचे बादशहा खरेच, पण काळ्या माणसांविषयी त्यांनी जे लिहून ठेवलंय ते इथे छापण्याजोगं नाही. कॅरिबियन लोककथेत सूकुयाँ नावाची म्हातारी असते. रात्री अंगावरची कातडी उतरवून ठेवते आणि आगीचा गोळा होऊन रक्त प्यायला निघते. त्या कातडी उतरवणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्याबद्दल बाईंना बक्षीस काय मिळालं, तर कातडीच्या रंगावरून माणसं मोजणाऱ्याचं मुंडकं.

२०१५ मध्ये ते मुंडकंही बाद झालं. आता झाड आणि चंद्र देतात. दोघांनाही मतं नसल्यामुळे वाद नाही.

तिसरं राहिलंच. 'मिडनाइट रॉबर' ही दुसरी कादंबरी टिप्ट्री पुरस्काराच्या निवडक यादीत होती. २०१९ मध्ये त्याचंही नाव बदललं. म्हणजे बाई जिथे जिथे जाऊन आल्या, तिथे तिथे मागाहून पाटी बदलली. आपल्याकडे माणूस राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलतो. इथे लेखिकेचं नाव जागच्या जागी, आणि बक्षिसांचीच राजपत्रात रांग!

नावांवरून आठवलं. हे जेम्स टिप्ट्री म्हणजे कोणी पुरुष नव्हेत, त्या अ‍ॅलिस शेल्डन. हॉपकिन्सनबाईंना २०१४ मध्ये 'सिस्टर माइन'साठी कुमारसाहित्याचा आंद्रे नॉर्टन पुरस्कार मिळाला. आंद्रे नॉर्टन याही बाईच, जन्मनाव अ‍ॅलिस मेरी. मुलगे बाईचं नाव असलेलं पुस्तक घेत नाहीत, म्हणून नाव बदललं. दोन अ‍ॅलिस, दोन्ही मिशा लावून दुकानात आलेल्या. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा धाडली तीही नारायण विनायक जगताप या नावानं, आद्याक्षरं उलटी करून. त्यांना आपलं मोठेपण लपवायचं होतं. या दोघींना नुसतं बाईपण.

नारळीकरांचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून टाकतो: साहित्य अकादमीनं त्यांना पुरस्कार दिला तो आत्मचरित्राला. २०२१ च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं ते ८३ व्या वर्षी. त्याच वर्षी तिकडे साठीच्या बाई 'सगळ्यांत तरुण' ठरल्या. विज्ञानकथा भविष्याविषयी असते म्हणतात. तिच्या लेखकाला तिथवर चालत जावं लागतं.

आता 'मिडनाइट रॉबर'. साल २०००. इथे मात्र जरा थांबू, कारण बाईंनी खरी खोडी इथे काढलीय.

तूसाँ नावाचा ग्रह. नाव हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हर्त्युर याचं. तिथे वस्ती कॅरिबियन लोकांची: आफ्रिकी, भारतीय, चिनी, सगळी मिसळ. सगळ्या ग्रहावर नजर ठेवणारी एक महाकाय संगणकीय बुद्धी आहे, तिचं नाव ग्रॅनी नॅनी. नॅनी म्हणजे अठराव्या शतकात जमैकाच्या डोंगरांतून इंग्रजांशी लढलेली, मळ्यांतून पळालेल्या गुलामांची राणी. आज तिथल्या पाचशेच्या नोटेवर असते ती. तिकडच्या विज्ञानकथेत संगणक ग्रीक देवाच्या नावानं येतो, नाहीतर नुसत्या नंबरानं. इथे आजीच्या नावानं. आजी प्रत्येकाच्या कानात बसलीय, सगळं ऐकते, आणि ऐकलेलं गावभर करत नाही.

आपल्या खिशातल्या फोनला एवढी कुठली आजी मिळायला?

पण खरी खोडी भाषेची. अख्खी कादंबरी क्रियोल वळणाच्या इंग्रजीत आहे, त्रिनिदाद आणि जमैकाच्या बोलींचं मिश्रण करून घडवलेल्या. नुसते संवाद नव्हेत. निवेदनसुद्धा. आपल्याकडे बोली चालते, पण अवतरणचिन्हात. गडी बोलीत बोलतो आणि लेखक त्याच्याविषयी प्रमाणभाषेत हळहळतो. बाईंनी अवतरणचिन्हं उचलून टाकली. दुसऱ्या ग्रहावर सगळे शुद्ध इंग्रजीच बोलणार, हे ठरवलं कोणी? ऑक्सफर्डची शाखा तिथे निघाली होती का?

माझ्या वाचनातल्या मराठी यानांमध्ये तरी कप्तान सदाशिव पेठेतला असतो. मालवणी बोलणारा अजून मंगळावर पोचायचा आहे. पोचेल तेव्हा पहिलं वाक्य काय बोलेल, ते मात्र इथे छापता येणार नाही.

तूसाँच्या गुन्हेगारांना जिथे हद्दपार करतात, त्या जगात ड्वेन नावाचे मूळ रहिवासी भेटतात. ड्वेन हे त्रिनिदादच्या लोककथेतलं भूत, आणि त्याचे पाय उलटे. उलटे पाय! सात समुद्रांपलीकडे, आपल्याला न विचारता. भुतांचं सोडा, मुद्दा मूळ रहिवाशांचा आहे. परग्रहावर जाऊन वसाहत करणं हा विज्ञानकथेचा जुना शौक. ज्यांच्या अंगणात एकदा वसाहत होऊन गेलीय, त्यांना ती गोष्ट वेगळी ऐकू येते. म्हणून बाईंनी २००४ मध्ये उप्पिंदर मेहान यांच्यासह एक संग्रहच काढला, 'सो लाँग बीन ड्रीमिंग', एकेकाळी वसाहती झालेल्या देशांशी नातं असलेल्या लेखकांच्या विज्ञानकथांचा. त्यात आपल्या वंदना सिंग यांची दिल्लीवरची कथा आहे. जहाजातून उतरणाऱ्यांच्या गोष्टी खूप झाल्या, किनाऱ्यावर उभं राहून जहाज येताना पाहणाऱ्यांचीही ऐका, एवढंच म्हणणं.

'मिडनाइट रॉबर'ला २००१ मध्ये ह्यूगोचं नामांकन होतं. जिंकलं कोण? हॅरी पॉटर. चौथा भाग. त्याच यादीत जॉर्ज मार्टिन यांचं एक जाडजूड पुस्तक होतं, ज्या मालिकेवरून पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' झालं. तेही पडलं. विज्ञानकथेतला सर्वांत मानाचा पुरस्कार त्या वर्षी झाडूवर बसून निघून गेला.

बाकी बक्षिसं भराभर सांगतो. 'स्किन फोक'ला कॅनडाचा सनबर्स्ट. 'द सॉल्ट रोड्स'ला गेलॅक्टिक स्पेक्ट्रम. २००८ मध्ये 'द न्यू मून्स आर्म्स'ला पुन्हा सनबर्स्ट आणि वर ऑरोरा. दहा वर्षांत शेल्फ भरलं.

आणि शेल्फ ठेवायला घर राहिलं नाही.

ही कोटी नव्हे. आजारपणानं बाईंना गाठलं. तीव्र रक्तक्षय, अंगभर दुखवणारा फायब्रोमायल्जिया. लिहिणं थांबलं. लिहिणं थांबलं की लेखकाचं दुकान बंद. त्याला ना रजा, ना फंड. पैसे संपले, आणि काही काळ डोक्यावर स्वतःचं छप्परही नव्हतं. बाईंनी हे नंतर स्वतःच सांगितलं, न लाजता. लाजायचं त्यांनी का? 'विख्यात', 'पुरस्कारविजेत्या' ही विशेषणं त्या दिवसांतही त्यांच्या नावामागे लागतच होती. घरभाडं विशेषणांत भरायची सोय टोरांटोतही नाही.

यातून सोडवलं ते २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठातल्या प्राध्यापकीनं. म्हणजे मानचिन्ह देणाऱ्यांनी नव्हे, पगारपत्रकावर सही करणाऱ्यांनी. पगार सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कादंबरी आली. हा योगायोग समजायचा तर समजा.

पुढे २०१७ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात सन्माननीय पाहुण्या. मग 'सँडमन'च्या दुनियेतलं 'हाऊस ऑफ व्हिस्पर्स' हे कॉमिक लिहिलं. कविकन्येनं कॉमिक! आपल्याकडे घराण्यानं चहा पाजणं बंद केलं असतं. २०२१ मध्ये व्हँकुव्हरच्या विद्यापीठात नोकरी, आणि त्याच साली तो ग्रँड मास्टर किताब. करोनामुळे समारंभ ऑनलाइन. सत्काराला हार नाही, शाल नाही, पाठीमागे आयोजकांच्या नातेवाइकांची रांग नाही. तंत्रज्ञानाचे उपकार कधीकधी मानावेत.

जीवनगौरव हा प्रकार आपल्याला चांगला ठाऊक आहे. 'आता थांबा' हे सभ्य भाषेत सांगायचं असलं की देतात. शहाणा माणूस समजून घेतो, आठवणी लिहायला बसतो आणि दर रविवारी नव्या पिढीला नावं ठेवतो.

हॉपकिन्सनबाईंना इशारा कळलाच नाही. किताबानंतर काही महिन्यांतच त्यांची एक कथा छापून आली, 'ब्रॉड डटी वॉटर'. पाण्याखाली गेलेलं जग, एक तरुण मुलगी आणि तिच्या सोबतीला बोलणारं डुक्कर. पहिल्या कादंबरीत ज्याचं हृदय नाकारलं, त्या जमातीला २३ वर्षांनी वाचा फुटली. २०२२ मध्ये या कथेला वर्षातल्या सर्वोत्तम लघुकथेचा स्टर्जन पुरस्कार मिळाला. जीवनगौरव घेऊन झाल्यावर परत परीक्षेला बसायचं, आणि वर पोराटोरांना मागे टाकून पहिलं यायचं? याला काय वागणं म्हणतात?

२०२४ मध्ये तर एकाच वर्षात दोन पुस्तकं. एक कथासंग्रह, आणि 'ब्लॅकहार्ट मॅन' ही वर्षानुवर्षं रखडलेली कादंबरी. ब्लॅकहार्ट मॅन म्हणजे जमैकाचा बागुलबुवा, पोरांची काळजं काढून नेणारा. पुन्हा काळीजच. वय तेव्हा ६३. आता यांना तरुण म्हणायचं की ज्येष्ठ, याचा निर्णय समितीनं अजून कळवलेला नाही.